तांदळात लिहिलेलं नाव

दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर.

१८२० सालच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या मेन राज्यात, कोर्टापुढे उभं राहून जोसेफ प्लम्ब मार्टिन या माणसाने शपथेवर आपली मालमत्ता सांगितली ती एवढीच. गरजेपुरते कपडे आणि अंथरूण-पांघरूण कायद्यानेच मोजणीतून वगळलं होतं, म्हणून ते सांगायचं नव्हतं. जमीन नाही, दुसरं उत्पन्न नाही. मजुरी करतो, पण वय आणि दुखणी यांमुळे आता काम होत नाही. बायको आजारी, संधिवाताने जखडलेली. घरात पाच मुलं. पेन्शन थांबली तर संसार चालणार नाही.

माणूस साठीला टेकलेला. १७७६ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, तो इंग्रजांविरुद्धच्या लढाईत उतरला आणि मधला थोडा काळ सोडला तर युद्ध संपेपर्यंत सैन्यातच राहिला. १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला, रात्रीच्या अंधारात, कुऱ्हाडी घेऊन शत्रूच्या मोर्चापुढचा टोकदार लाकडांचा अडसर तोडायला जी तुकडी पुढे गेली, तिच्यात तो होता. त्या वेढ्यात कॉर्नवॉलिस शरण आला. कायमधारा पद्धतीच्या धड्यात आपण सगळ्यांनी पाठ केलेला कॉर्नवॉलिस तो हाच. हरलेला सेनापती पाच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, आणि जिंकलेल्या शिपायाला जवळजवळ चाळीस वर्षांनी कोर्टात मेंढ्या मोजून दाखवाव्या लागल्या. हे वाचलं त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

मी हे वाचते ते बॉस्टनजवळ, मुलीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनच्या सुमारे ८० हजार फायली आहेत. त्या स्कॅन करून ठेवल्यात, आणि जुनं हस्ताक्षर वाचून टाइप करायला स्वयंसेवक लागतात. कुणीही खातं उघडावं आणि बसावं. मुलीने खातं काढून दिलं. मी पूर्वी हौसेने मोडीचा वर्ग केला होता, त्यामुळे लेखणी न उचलता ओढत नेलेलं अक्षर कुठे तोडायचं याची डोळ्यांना सवय होती. इंग्रजी माझं कचेरीपुरतंच. पण अर्ज, जबाब, शेरा, सही, शिक्का यांची भाषा कुठल्याही देशात फार वेगळी नसते.

ती भाषा माझी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १७ पेन्शनच्या टेबलावर. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यांसाठी रांग लागायची. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, पिशवीत पासबुक आणि पिशवीच्या आत आणखी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून माणसं यायची. बोटांच्या रेषा शेतात झिजलेल्या, यंत्रावर अंगठा उमटायचा नाही. म्हातारा परत परत अंगठा धोतराला पुसायचा आणि माझ्याकडे बघायचा. फाइल हातात आली की माझा हात आपोआप त्रुटी शोधायचा. ती सवय अजून गेलेली नाही, आणि तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

आधी त्या शिपायांना दिलेल्या शब्दाविषयी. २६ ऑगस्ट १७७६ ला, स्वातंत्र्याच्या घोषणेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधींच्या सभेने, ठराव केला की लढाईत जायबंदी होईल त्याला निम्मा पगार. अधिकारी नोकरी सोडून जाऊ लागले तशी १७७८ मध्ये त्यांना युद्धानंतर सात वर्षं निम्मा पगार कबूल झाला, आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या साध्या शिपायाला एकरकमी ८० डॉलर. १७८० मध्ये अधिकाऱ्यांसाठी तो निम्मा पगार तहहयात झाला. पैसा मात्र कुणाकडेच नव्हता. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांमध्ये बंडाची भाषा सुरू झाली. वॉशिंग्टन स्वतः सभेत आला, एक पत्र वाचायला काढलं आणि खिशातून चष्मा काढत म्हणाला की तुमच्या सेवेत माझे केस तर पिकलेच, आता डोळेही गेले. कठोर माणसं रडली म्हणतात. त्याच महिन्यात अधिकाऱ्यांच्या तहहयात निम्म्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार ठरला, तोही व्याजाच्या कागदी रोख्यांत.

साध्या शिपायालाही थकलेल्या पगारापोटी असेच कागद मिळाले. घरी जायला कित्येक दिवसांची वाट, खिशात कागद, आणि वाटेवरच्या खाणावळीत कागद चालत नाही. मग विकले. रुपयाचा कागद दोन-चार आण्यांना जावा तसे विकले. १७९० मध्ये सरकारने ते रोखे पूर्ण किमतीला मान्य केले तेव्हा पैसा कागद ज्याच्या हातात होता त्याला मिळाला, बंदूक ज्याच्या हातात होती त्याला नाही. जेम्स मॅडिसनने सभागृहात मांडलं की मूळ शिपायालाही त्यातला वाटा द्या. ३६ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळलं गेलं. ज्या १३ जणांनी हात वर केला त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

मार्टिन मेनच्या किनाऱ्यावर प्रॉस्पेक्ट या गावी गेला, जंगल तोडून शेत केलं. पुढे कळलं की ती सगळी जमीन हेन्री नॉक्सच्या मालकीत येते. नॉक्स म्हणजे वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा सेनापती आणि पुढे देशाचा पहिला युद्धमंत्री. मार्टिनने ज्याच्या तोफांच्या आडोशाने लढाई केली त्याच माणसाला त्याने जमीन राहू द्या म्हणून विनवणीचं पत्र लिहिलं. जमीन राहिली नाही. मी प्रॉस्पेक्टच्या आणखी एका गोष्टीपाशी थांबले. मार्टिन त्या गावचा कारकून होता. जन्म, मृत्यू, लग्नं, गावसभेचे ठराव तो वर्षानुवर्षं लिहीत होता. सगळ्या गावाची नोंद ठेवणारा हात, आणि स्वतःच्या नावावर दोन गाई.

धडधाकट पण गरीब अशा साध्या शिपायाला पेन्शन मिळायला १८१८ साल उजाडलं. अध्यक्ष जेम्स मन्रो स्वतः ट्रेंटनच्या लढाईत गोळी लागलेला माणूस. १८१७ च्या डिसेंबरात त्याने आपल्या पहिल्याच वार्षिक निवेदनात या म्हाताऱ्यांची आठवण काढली आणि मार्चमध्ये कायदा झाला. निदान नऊ महिने राष्ट्रीय सैन्यात काढलेले असावेत आणि माणूस मदतीवाचून अडलेला असावा. शिपायाला महिना आठ डॉलर, अधिकाऱ्याला वीस. थोडेच लोक उरले असतील असा अंदाज होता. अर्ज हजारोंनी आले. खोटे दावे आहेत, चांगल्या घरचे लोकही गरीब म्हणून नाव घालतात, अशी ओरड झाली. त्यात १८१९ ची मंदी आली, तिजोरी आटली. मग १ मे १८२० चा कायदा: प्रत्येकाने कोर्टात येऊन मालमत्तेची यादी द्यावी, नाहीतर नाव कमी.

त्या याद्या मी टाइप करते. एका यादीत तुटकी किटली असते, एकात जुना घोडा आणि त्याचं वय, एकात चार खुर्च्या आणि पुढे 'जुन्या'. येणं किती, देणं किती. मुलगी किती वर्षांची आहे आणि कामाला का जाऊ शकत नाही. ज्या गावात माणूस लढवय्या म्हणून ओळखला जात होता तिथल्याच कोर्टात, ओळखीच्या लोकांसमोर, त्याने आपलं उघडं घर मांडायचं. हजारोंची नावं कमी झाली. पुष्कळांची १८२३ च्या कायद्याने परत लागली, पण तीन वर्षं हा सत्तरीतल्या माणसाला फार मोठा काळ असतो. मार्टिनची पेन्शन टिकली, वर्षाला ९६ डॉलर.

याच काळातली डेबोरा सॅम्सन. पुरुषाचा वेष घेऊन, रॉबर्ट शर्टलिफ या नावाने ती मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीत लढली, जखमी झाली. १८०४ मध्ये पॉल रिव्हियरने, म्हणजे त्या युद्धातल्या एका नावाजलेल्या बॉस्टनकराने, तिच्यासाठी आपल्या खासदाराला पत्र लिहिलं, १८०५ पासून तिला महिना चार डॉलर मिळू लागले आणि १८१८ च्या कायद्यानंतर आठ. इथून जवळच शॅरन गावी ती राहायची. तिथल्या वाचनालयाबाहेर तिचा पुतळा आहे. मुलीने नेलं होतं, मी पुतळ्याच्या पायाशी दोन फुलं ठेवून आले. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याने अर्ज केला. कायद्यात शिपायाची विधवा होती, शिपायाचा विधुर नव्हता. काँग्रेसने त्याच्यासाठी खास कायदा केला तो १८३८ मध्ये, नवरा वारल्यानंतर.

आता पुराव्याचं. माझा सगळा जन्म 'पुरावा जोडावा' हे दोन शब्द लिहिण्यात गेला, म्हणून मी या बाबतीत कान टवकारून वाचते. ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि सैन्याचे कागद जळाले. १८१४ मध्ये इंग्रजांनी तिथल्या सरकारी इमारतीच पेटवल्या. म्हणजे कोण कुठल्या पलटणीत किती दिवस होता हे सरकारलाच धड माहीत नव्हतं. सरकारचे कागद जळाले होते आणि सरकार म्हाताऱ्यांना विचारत होतं, तुमचा कागद कुठे आहे?

तरीही ७ जून १८३२ च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. गरिबीची अट काढून टाकली. दोन वर्षं सेवा असेल तर पूर्ण पगार तहहयात, त्याहून कमी पण निदान सहा महिने सेवा असेल तर त्या प्रमाणात. राष्ट्रीय सैन्यातला असो की गावच्या मिलिशियातला, म्हणजे गावकऱ्यांच्या पथकातला. आणि कागद नसेल तर आठवण चालेल. कोर्टात प्रश्न ठरलेले होते. तुमचा जन्म कुठे, कुठल्या साली? वयाची नोंद कुठे आहे का? सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे? स्वतःहून गेलात, नाव काढून नेलं, की दुसऱ्याच्या बदली गेलात? बदली असाल तर कुणाच्या? बरोबरच्या अधिकाऱ्यांची नावं सांगा. सुटकेचा दाखला मिळाला होता का, कुणी दिला, आणि त्याचं पुढे काय झालं?

'त्याचं पुढे काय झालं' या प्रश्नाची उत्तरं वाचताना मला रडू येतं. घराबरोबर जळाला. खिशात ठेवून ठेवून झिजला. मुलांनी खेळायला घेतला. काही उपयोग होईल असं वाटलंच नाही, म्हणून जपला नाही. लढाईला पन्नास वर्षं झालेली. सेनापतींची नावं गोंधळतात, सालं मागेपुढे होतात, पण कुठल्या नदीपाशी बूट फाटले ते पक्कं आठवतं. ओघात माणूस बोलत जातो आणि कोर्टाचा कारकून लिहीत जातो. पुष्कळांच्या खाली सही नसते, फुली असते; फुलीच्या भोवती कारकुनाने लिहिलेलं असतं की ही याची खूण. आपल्याकडे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहितो तसंच. जुन्या मोडी कागदांत कुणब्याच्या नावापुढे निशाणी नांगर असायची. ती फुली दिसली की मला तो नांगर आठवतो.

आणि शेवटचा प्रश्न: तुमच्या आताच्या गावात तुम्हाला ओळखणारी, तुम्ही खरं बोलता आणि सैन्यात होता असं मानणारी माणसं कोण? बहुतेक एक पाद्री आणि एक शेजारी पुढे येई. आमचा असा विश्वास आहे, गावात असंच मानलं जातं, एवढंच ते सांगत. ते पुरेसं धरलं जाई. माझ्या टेबलावर असा प्रश्न कधी नव्हता असं मी इतकी वर्षं समजत होते. तो होता. प्रतिज्ञापत्र आणि दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे जबाब घेऊन प्रकरण वर पाठवायची मुभा होती. मी ती वापरली नाही, कारण लेखापरीक्षणात विचारणा होईल ही भीती.

ती बाई सत्तरीच्या पुढची. नवरा फौजेतून निवृत्त होऊन दुसऱ्या सरकारी नोकरीत लागलेला, तो वारला. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल माझ्याकडे. नवऱ्याच्या कागदांत बायकोचं नाव शकुंतला. तिच्या आधारवर आणि रेशनकार्डावर सखूबाई, माहेरचं. मी शेरा लिहिला: नावात तफावत, पुरावा जोडावा. ती पुतण्याला घेऊन आली. म्हणाली, लग्नात नाव बदललं. मी म्हटलं, त्याचा कागद? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तांदळात लिहिलं व्हतं. ताटात. सोन्याच्या अंगठीनं. त्याचा कागुद कसा आसंल?"

माझंही नाव तसंच बदललं होतं. पितळी परात, मोजून पसरलेले तांदूळ, सासूबाईंनी धरून नेलेला माझा हात, आणि काढलेली नवी अक्षरं. नंतर ते तांदूळ गोळा केले आणि कशात तरी शिजले असतील. मला तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर कळत होतं. फाइल मी तरीही परत केली. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून आणा म्हणाले. ती तीनदा आली. चौथ्यांदा आली नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

अमेरिकेतल्या विधवांना हक्क मिळाला ४ जुलै १८३६ च्या कायद्याने, आणि सुरुवातीला नवऱ्याची सेवा संपण्याआधी लग्न झालेलं असलं तरच. मग १८३८, १८४८, १८५३ असे कायदे होत होत लग्नाच्या तारखेची अट सैल झाली. पुष्कळ म्हाताऱ्यांकडे लग्नाचा कागद नव्हता. पाद्री मेलेला, चर्चची वही हरवलेली. मग त्यांनी घरचं बायबल उघडलं आणि ज्या पानावर लग्नं, जन्म, मृत्यू लिहिले होते ते पान फाडून वॉशिंग्टनला पाठवून दिलं. कुणी मुलीने भरलेलं, कुटुंबाची नावं विणलेलं कापड पाठवलं. ती पानं आजही फायलींत आहेत. बायबल घरी राहिलं, घरातलं सगळं माणूस मात्र पाकिटातून कचेरीत गेलं. शेवटची विधवा, व्हरमाँटची एस्थर डेमन, १९०६ मध्ये वारली. तिने १८३५ मध्ये एका म्हाताऱ्या शिपायाशी लग्न केलं होतं.

फायलींना अक्षरं आहेत. जिवंत शिपायाच्या मंजूर फाइलला एस, विधवेच्या डब्ल्यू, नामंजूर झाली तर आर. आरच्या फायली मी मुद्दाम मागून घेते.

जेहू ग्रँटची आर आहे. ऱ्होड आयलंडला तो गुलाम होता, आणि मालक इंग्रजांशी व्यवहार ठेवणारा. किनाऱ्यावर इंग्रजांची जहाजं उभी, आपल्याला त्यांच्यावर पाठवतील ही धास्ती. ऑगस्ट १७७७ मध्ये तो पळाला आणि कनेक्टिकटमध्ये डॅनबरीला सैन्यात भरती झाला. गाडीवान म्हणून काम केलं. दहा महिन्यांनी मालकाने शोधून काढलं आणि परत नेलं. पुढे दुसऱ्या एकाने त्याला विकत घेतलं, ठरलेली वर्षं काम करून घेतलं आणि मग तो मोकळा झाला. १८३२ मध्ये, ऐंशीच्या घरात, त्याने अर्ज केला. १८३४ मध्ये उत्तर आलं: मालकाकडून पळून असताना केलेली सेवा कायद्यात बसत नाही.

इथे पुरावा कमी नव्हता, तारीख चुकली नव्हती. त्याने सगळं खरं सांगितलं होतं आणि खरं सांगितल्यामुळेच तो नामंजूर झाला. १८३६ मध्ये त्याने पेन्शन आयुक्तांना पत्र लिहवून घेतलं. त्यात तो म्हणतो की स्वातंत्र्याची खूण म्हणून उभारलेले खांब पाहिले, सगळे लोक स्वातंत्र्यासाठी झटताना पाहिले, तेव्हा मलाही ते आवडल्यावाचून राहिलं नाही. तसं वाटण्यात पाप झालं असेल तर देव क्षमा करो. मालकाचं जे नुकसान झालं ते मी नंतर भरून दिलं आहे, असंही तो सांगतो. आंधळा झालेला, सहा मुलांतली पाच हयात, त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधारावर जगणारा. आणि तो माफी मागतो. देशाच्या स्वातंत्र्यासाठी गाडी हाकली याची, त्या देशाच्या कचेरीकडे. उत्तर बदललं नाही.

आर लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल मी खूप विचार केला. तो दुष्ट असेल असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे कायद्याची ओळ होती आणि शेजारी अजून शंभर फायली होत्या. मला ते टेबल ठाऊक आहे. म्हणूनच मी त्याला माफ करू शकत नाही.

आज उघडलेली फाइल डब्ल्यूची आहे. बायबलचं पान आहे, एका कडेला फाडल्याची खूण, दोरा अजून लोंबतोय. मुलांची नावं वेगवेगळ्या शाईत, दोघांच्या नावापुढे दुसरी तारीखही. विधवेचं नाव या पानावर एका तऱ्हेने लिहिलंय, अर्जात दुसऱ्या, आणि शेजाऱ्याच्या जबाबात तिसऱ्याच. टाइप करणाऱ्यांना नियम असा आहे की जसं दिसेल तसं लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. मी तिन्ही नावं तशीच टाइप केली. मग पहिल्या पानावर परत जाऊन अक्षर पुन्हा पाहिलं. डब्ल्यूच होतं. तिला पेन्शन मिळाली होती.